सीएनसी लेथवर सी-अक्षाने मिलिंग करताना फीड कसा काढायचा?

तुम्ही विचारलंय की ६० मिमी डायाच्या शाफ्टवर तिरका स्लॉट मारताना एफ (प्रोग्रॅममधला फीड, म्हणजे टूल पुढे सरकण्याचा वेग) ४८० देऊनही टूल नुसतं घासतं आणि तेवढ्याच एफवर २०० मिमीच्या फ्लँजवर नुसता सी-अक्ष (म्हणजे जॉब धरलेला स्पिंडल अंशांत) फिरवला तर एंडमिल, म्हणजे मिलिंगचं टूल, तुटते. वडोदऱ्यात मकरपुरा जीआयडीसी औद्योगिक वसाहतीत मी लाइव्ह टूलच्या (टूल स्वतःही फिरतं अशा) लेथवर सेटिंग करतो. हा प्रश्न इथे प्रत्येक नव्या सेटरला पडतो.

तुमचा ४८० बरोबरच आहे. ८ मिमीची तीन फ्लूटची (दातांची) एंडमिल, ४००० आरपीएम, दर दाताला ०.०४ मिमी, म्हणजे मिनिटाला ४८० मिमी. पण नुसता सी फिरतो तेव्हा कंट्रोल (मशीनचा संगणक) तो आकडा मिनिटाला ४८० अंश असा वाचतो. ६० डायावर ते जेमतेम २५१ मिमी होतात, २०० डायावर तब्बल ८३८. म्हणून सूत्र असं: मिमीतला फीड × ३६० ÷ (३.१४१६ × डाया). ६० डायाला ९१७ येतात, २०० ला २७५. अंश आणि मिमी सारखे पडतात ते फक्त ११४.६ डायावर.

तिरक्या स्लॉटमध्ये झेड (शाफ्टच्या लांबीचा अक्ष) आणि सी एकत्र चालतात आणि खरी फसगत तिथेच होते. फॅनक कंपनीचा कंट्रोल एक अंश म्हणजे एक मिमी धरून लांबी मोजतो. समजा ६० डायावर झेड ३० मिमी आणि सी ९० अंश आहे. पृष्ठभागावरचा कंस ४७.१२ मिमी, म्हणून खरा रस्ता ५५.८६ मिमी. कंट्रोलच्या हिशेबात मात्र ३० आणि ९० चा कर्ण, ९४.८७. त्यामुळे तुमच्या ४८० चा प्रत्यक्षात २८३ उरतो, दर दाताला ०.०२४. एवढ्यात दात कापत नाही, घासतो.

माझा आग्रह एकच: आधी वेळ काढा. ५५.८६ ला ४८० ने भागलं की ०.११६४ मिनिट. आता ९४.८७ ला या वेळेने भागा, एफ ८१५ येतो. कंट्रोलमध्ये जी ९३ (वेळेवरून फीड देण्याचा कोड) असेल तर एफ म्हणजे थेट १ भागिले वेळ, इथे ८.५९, फक्त तो प्रत्येक ओळीत लिहावा लागतो.

जी ७.१ चा (गोल पृष्ठभाग सपाट धरून मिलिंग करण्याचा) ऑप्शन घेतलेला असेल तर हे सगळं कंट्रोलवर सोपवा. सी ३० अशी त्रिज्या द्या (डाया नाही!), मग एफ ४८० म्हणजे पृष्ठभागावरचे ४८० मिमीच. फेसवरच्या (जॉबच्या टोकाच्या सपाट बाजूवरच्या) मिलिंगला तसाच कोड जी १२.१ आहे, पण मध्याजवळ सीला फार जोरात फिरावं लागतं, तिथे फीड उतरवा.

मिलिंगआधी जी ९८ (दर मिनिटाचा फीड) लावायला विसरू नका, आणि टर्निंगला परतताना जी ९९ (दर फेऱ्याचा फीड). नाहीतर एफ ०.२ म्हणजे मिनिटाला ०.२ मिमी होतो आणि मशीन अडकलंय असं वाटतं. सीचा क्लँप (स्पिंडल जागेवर धरणारा ब्रेक) सुटलाय का, तेही बघा.

शेवटी जॉबपासून टूल दूर ठेवून, ओव्हरराइड (फीड कमी-जास्त करायची कळ) १०० टक्क्यांवर, स्लॉटची ती एक ओळ चालवा. ड्राय रनचं बटण मात्र दाबू नका, त्यात प्रोग्रॅममधला एफ लागू होत नाही. मोबाइलचं स्टॉपवॉच लावा: वरच्या उदाहरणातल्या स्लॉटला सात सेकंद लागले पाहिजेत.