पोटातल्या बाळाचा पाय वाकडा का होतो? आईचं काही चुकतं का?

ताई, पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत पाऊल वाकडं दिसलं आणि तुम्ही विचारताय, माझं काय चुकलं? काहीही चुकलेलं नाही.

माझ्या मुलाचं डावं पाऊल जन्मतःच आत मुडपलेलं, तळवा उजव्या पायाकडे. डॉक्टर याला क्लबफूट म्हणतात. मी खाटेवर होते तेव्हाच जाऊबाई म्हणाल्या, "किंक्रांतीला वांगी चिरली ना हिने!" 15 जानेवारी 2010, किंक्रांत आणि सूर्यग्रहण एकाच दिवशी. मला आठवा महिना. सालदार जेवायला यायचे होते, म्हणून विळी घेऊन बसले. पण सोनोग्राफीचा कागद 2 नोव्हेंबर 2009 चा! त्यात पाऊल वाकडं असल्याचं स्वच्छ लिहिलेलं. आम्ही नवराबायकोने तो घरात दाखवलाच नव्हता, म्हणून मी गप्प बसून ऐकत राहिले. पुढे जळगावला डॉक्टरांनी विचारलं, घराण्यात आधी कुणाला होतं का? सासूबाई खाली बघत बसल्या. माझे चुलतसासरे जन्मभर पावलाच्या कडेवर चालले, हे गावातल्या पोरांनाही माहीत.

कारण म्हणाल तर बहुतेक बाळांत नेमकं सापडतच नाही. हजारात साधारण एकाला होतं, मुलग्यांना मुलींच्या दुप्पट, आणि निम्म्या बाळांचे दोन्ही पाय वाकडे असतात. रक्ताच्या नात्यात असेल तर शक्यता वाढते. गरोदरपणी आईने बिडी-सिगारेट ओढली तरी वाढते. विळी, सुरी, ग्रहण यांचा काडीचा संबंध नाही.

आमचं दहाव्या दिवशी पोन्सेटी पद्धतीने, म्हणजे पाऊल हाताने हळूहळू सरळ वळवत, प्लास्टर सुरू झालं. दर आठवड्याला नवं. त्या सकाळी टबात कोमट पाण्यात पाय धरून बसायचं, पांढरा चिखल बोटांना चिकटायचा. मग टाचेमागची शीर कापली (रक्ताची नव्हे, पोटरी टाचेला बांधणारी), बारीकसं काम. नंतर दांडीचे बूट, म्हणजे एका दांडीला जोडलेले दोन बूट, तीन महिने जवळपास दिवसरात्र आणि चार वर्षांचा होईपर्यंत झोपताना. बुटांचा कंटाळा करू नका, पाय परत वळतो. शाळेत तो खो-खो खेळला.

हो, सोनोग्राफीत कधीकधी नसलेलंही दिसतं. आणि बाळाचा मणका नीट तपासून घ्या, काही बाळांत पायाचं मूळ तिथे असतं.

कागद आजच सासूबाईंना दाखवा, तारखेसकट. मी दाखवला तेव्हा मुलगा चार वर्षांचा झाला होता. जाऊबाईंनी तो हातात घेतला, वाचला आणि चुलीकडे गेल्या. अजून त्यावर एक शब्द बोललेल्या नाहीत.