फ्रेमचे माप आणि आपले शरीर : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : माझी उंची १६५ सेंटीमीटर आहे. उंची बेताची असल्यामुळे २६ इंची सायकलच घ्या, २९ इंची झेपणार नाही, असे दुकानात सांगितले. मला सोलापुरात होटगी रस्त्याने रोज कामावर जायचे आहे आणि खड्डे पाहता मोठे चाक बरे वाटते. कोणती घ्यावी?

उत्तर : २६, २७.५ आणि २९ हे आकडे चाकाचे आहेत. फ्रेमचे माप वेगळे असून ते क्रँकच्या (पायडल ज्या दांड्यांना जोडलेले असतात त्यांच्या आसाच्या) मध्यापासून सीटखालच्या उभ्या नळीच्या वरच्या टोकापर्यंत मोजतात. २९ इंची चाकाची सायकल लहान फ्रेममध्येही मिळते, त्यामुळे केवळ उंचीवरून आपल्याला नकार देणे योग्य नाही.

आधी घरीच एक माप घ्या. अनवाणी, भिंतीला पाठ लावून, पावलांत वीतभर अंतर ठेवून उभे राहा. पुठ्ठा-बांधणीचे जाड पुस्तक दोन्ही पायांच्या मध्ये, सीटवर बसल्यासारखे घट्ट वर दाबा आणि त्याची वरची कड भिंतीला जिथे टेकेल तिथे पेन्सिलीने खूण करा. जमिनीपासून त्या खुणेपर्यंतचे अंतर म्हणजे पायाचे आतले माप. पुस्तक जरा तिरके झाले तरी सेंटीमीटरभराची चूक होते, म्हणून ते तीनदा घ्या. सारख्याच उंचीच्या दोन माणसांत, एकाचे पाय लांब आणि दुसऱ्याचे धड लांब असल्यामुळे, या मापात पाच-सहा सेंटीमीटरचा फरक सहज आढळतो. म्हणून नुसत्या उंचीच्या तक्त्यावर मी विसंबत नाही.

समजा आपले माप ७६ सेंटीमीटर आले. त्याला ०.२२६ ने गुणले की माउंटन सायकलची फ्रेम इंचांत मिळते, म्हणजे सुमारे १७; ०.६६ ने गुणले की रोड सायकलची सेंटीमीटरमध्ये, म्हणजे सुमारे ५०. हे गणित ढोबळ आहे. खरी परीक्षा दुकानात फ्रेमचा वरचा दांडा दोन्ही पायांच्या मध्ये घेऊन उभे राहिल्यावर होते : दोन्ही पावले जमिनीवर सपाट टेकलेली असताना दांडा आणि जांघ यांच्यात रोड सायकलवर किमान तीन आणि माउंटन सायकलवर किमान पाच सेंटीमीटर जागा राहिली पाहिजे. तेवढी राहत असेल, तर २९ इंची चाक निःशंकपणे घ्या.

प्रश्न : मी पूर्व भागात यंत्रमागावर काम करतो. वडिलांची २४ इंची काळी सायकल गेली अनेक वर्षे वापरत आहे. हल्ली गुडघ्यामागे, लवणीत दुखते. माझ्या पायाचे आतले माप ७४ सेंटीमीटर आहे. सायकलचा काही संबंध असेल का?

उत्तर : बहुधा आहे. लवणीतले दुखणे अनेकदा सीट फार उंच असल्याने येते, तर गुडघ्याच्या वाटीपुढचे दुखणे फार खाली असल्याने. आपल्या सायकलीच्या बाबतीत २४ इंच हे चाकाचे माप नसून फ्रेमचेच आहे; जुन्या काळ्या सायकली अशाच २२ आणि २४ इंची फ्रेममध्ये विकल्या जात.

टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत १९८६, १९८९ आणि १९९० साली जिंकणाऱ्या ग्रेग लेमाँड यांच्या नावाने एक सूत्र प्रसिद्ध आहे : पायाच्या आतल्या मापाला ०.८८३ ने गुणले की क्रँकच्या मध्यापासून सीटच्या पृष्ठभागापर्यंतची उंची मिळते. आपल्यासाठी ती सुमारे ६५ सेंटीमीटर येते. २४ इंची फ्रेमची उभी नळीच ६१ सेंटीमीटरची असते आणि तिच्यावर स्प्रिंगची सीट आठ-नऊ सेंटीमीटर जागा घेते. म्हणजे सीट अगदी तळाला बसवली तरी ती आपल्याला चार-पाच सेंटीमीटर उंचच राहणार. पायडल खाली जाताना कंबर एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे झुकते का, हे घरच्या कोणाला तरी मागून पाहायला सांगा. झुकत असेल तर २२ इंची फ्रेम घ्या. तिच्यात हिशेब बरोबर जुळतो. वडिलांच्या सायकलीवर जीव असणे मी समजू शकतो, पण रोजच्या फेऱ्यांसाठी ती आपल्या पायांना परवडणारी नाही. नव्या सायकलीवर टाच पायडलवर ठेवून पाय खाली ताणला असता तो सरळ व्हावा. मग चवडा ठेवल्यावर गुडघ्यात आपोआप हवा तेवढा बाक राहतो. एवढे करूनही दुखणे राहिले, तर डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : मी १५३ सेंटीमीटर उंचीची गृहिणी असून मैत्रिणींसोबत तुळजापूरपर्यंत सायकलने जाते. परतताना मान आखडते आणि तळहात बधिर होतात. सीट पुढे सरकवली, तरी फरक नाही. ‘लेडीज’ सायकल घ्यावी का?

उत्तर : सीट पुन्हा मागे घ्या. सीटची जागा पाय आणि पायडल यांच्या नात्यावरून ठरते. हात पोहोचत नाहीत म्हणून ती पुढे ओढली की शरीराचा भार तळहातांवर आणि गुडघ्यांवर येतो. आपला प्रश्न सीटपासून हँडलपर्यंतच्या अंतराचा आहे, आणि फ्रेम निवडताना बहुतेक लोक नेमके तेच मोजत नाहीत. सीटची उंची मागाहून बदलता येते, परंतु फ्रेमची लांबी बदलता येत नाही.

प्रथम हँडल धरणारा स्टेम तपासा. तो ९० किंवा १०० मिलीमीटरचा असेल तर ६० ते ७० मिलीमीटरचा लावून हँडल थोडे उंच करा. एवढ्याने बराच आराम पडतो. ब्रेकच्या लिव्हरजवळ बहुधा एक छोटा स्क्रू असतो, तो फिरवून लिव्हर बोटांजवळ आणता येतो. तुळजापूरचा घाट उतरताना लहान हातांना याचे महत्त्व विशेष जाणवते. हे करूनही कोपर ताठच राहत असतील, तर फ्रेम आपल्यासाठी लांब आहे, हे मान्य करून एक माप लहान घ्यावी. खाली झुकलेल्या दांड्याची ‘लेडीज’ सायकल साडी नेसून बाजारात जायला सोयीची असते. मानेच्या दुखण्यावर मात्र तो इलाज नव्हे.

प्रश्न : मुलगा नऊ वर्षांचा, उंची १२६ सेंटीमीटर. वाढत्या अंगाचा म्हणून २४ इंची चाकाची घेतली तर चालेल का?

उत्तर : घेऊ नये. शर्ट ढगळ असला तर बाही दुमडता येते. सायकलवर पाय टेकला नाही तर मूल पडते. २० इंची घ्या, आणि सीटवर बसून त्याचे दोन्ही चवडे जमिनीला लागतात व ब्रेक पूर्ण दाबला जातो, एवढे पाहा. दोन वर्षांनी ती चांगल्या स्थितीत असेल, तर विकायला अडचण येत नाही.

प्रश्न : ऑनलाइन सायकल मागवताना माझे माप एस आणि एम यांच्या मधोमध येते. कोणते निवडू?

उत्तर : दोन्ही हात पसरून मधल्या बोटांच्या टोकांमधले अंतर मोजा. ते उंचीपेक्षा जास्त असेल तर एम, कमी असेल तर एस. तरीही दांडा पायांच्या मध्ये घेऊन उभे राहिल्यावर जागा उरत नसेल, तर हात कितीही लांब असले तरी एसच घ्या.