खाऱ्या पाण्याच्या माशांच्या टाकीतलं शेवाळ: आधी एवढंच करा

घाबरू नका, पहिल्या वर्षी हे जवळपास सगळ्यांच्या टाकीत होतं. टाकी नवी असेल आणि थर तपकिरी, पुसला की निघणारा असेल, तर ते डायटम, म्हणजे सूक्ष्म तपकिरी शेवाळ. बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप ओसरतात. हिरवे केसाळ झुपके मात्र हाताने उपटावेच लागतात. दगड बाहेर काढून जुन्या टूथब्रशने घासा, तोही टाकीतूनच काढलेल्या खाऱ्या पाण्यात.

मग टाकीत घालायचं पाणी तपासा. घरच्या पिण्याच्या आरओचं पाणी पुरेसं शुद्ध नसतं. पुढे डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषणारे मणी) जोडून टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं माप, शून्यावर आणा. नळाचं पाणी तर नकोच.

- माशांचं खाणं कमी करा. गोठवलेलं खाणं वितळवून, गाळून मगच घाला.
- दिवा रोज ८ तासांवर नको, टायमर लावा.
- आठवड्याला १०-१५ टक्के पाणी बदला.

पाण्याच्या चाचणीत फॉस्फेट (शेवाळाचं खाद्य) शून्य दिसलं म्हणून हुरळू नका, ते शेवाळानेच खाल्लेलं असू शकतं. (मी यात दोन महिने फसलो होतो.) शेवाळमारक औषध ओतू नका, आणि शेवाळ खायला एकदम डझनभर गोगलगायीही आणू नका, उपाशी मरतात, कुजतात, पाणी आणखी बिघडतं. चारेक ट्रोकस जातीच्या गोगलगायी पुरे. फरक दिसायला सहा-आठ आठवडे लागतील.