मॉरिस, मुक्त की घराजवळचं?

पत्र: ताई, मी नागपुरात मानेवाड्याला राहते. वय त्रेचाळीस. २००० साली उमरेडहून बारावी झाले, कला शाखा, सेकंड क्लास. बीएचा फॉर्म भरला होता, पण त्याच वर्षी लग्न ठरलं आणि ते तिथंच राहिलं. हे बुटीबोरीला कंपनीत आहेत, शिफ्ट ड्यूटी. मुलगी पुण्यात इंजिनिअरिंगला, मुलगा यंदा अकरावीत. मी घरी ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. फी माझी मी भरू शकते. मला मानसशास्त्र शिकायचं आहे. माप द्यायला आलेल्या बाया तासन्‌तास बोलत बसतात, कधी रडतात, आणि त्यांना काय म्हणावं ते मला सुचत नाही. पुढे समुपदेशक व्हावं असं मनात आहे. नणंद म्हणते, मुक्त विद्यापीठातून कर, घरबसल्या होते. घराजवळ महिला महाविद्यालय आहे, पण तिथं मानसशास्त्र नाही. माझं मन मुलीपणापासून मॉरिस कॉलेजवर. सासूबाई म्हणतात, “आता कॉलेजात जाऊन काय करून राह्यली?” हे म्हणतात, “तुझी मर्जी,” आणि टीव्ही लावतात. पोरीच्या वयाच्या मुलींशेजारी बाकावर बसायची लाज वाटते. माझ्या वयाला शोभेल असं कॉलेज कोणतं? मला तू म्हणा, मी तुमच्या धाकट्या बहिणीसारखी आहे.

उत्तर:

अगं, वयाचं आधी मिटवून टाकू. बीएला वरच्या वयाची अट नाही. बारावी पास असलीस की दार उघडं. मधे पंचवीस वर्षं गेली म्हणून कुणी तुला अडवू शकत नाही, फक्त एक-दोन कागद जास्त लागतात. ते शेवटी सांगते.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. तीन कॉलेजांची तुलना तू चांगली केली आहेस: अंतर, फी, लोक काय म्हणतील. पण तुझ्या पत्रातली सगळ्यात पक्की गोष्ट कॉलेज नाही, विषय आहे. तुला मानसशास्त्र हवंय, आणि ते का हवंय हेही तुला नीट माहीत आहे. अठराव्या वर्षी प्रवेश घेणाऱ्या फार थोड्या मुलांना हे सांगता येतं. म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. विषय धरून ठेव आणि त्याच्या मागे कॉलेज शोध. कॉलेज सोयीचं म्हणून विषय बदलू नकोस.

या एका गोष्टीवर तुझ्या तीनपैकी दोन वाटा आपोआप बंद होतात.

नणंदेचा सल्ला आधी घेऊ. ती वाईट हेतूने सांगत नाही आणि मुक्त शिक्षणाला मी मुळीच कमी लेखत नाही. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे, इग्नू १९८५ पासून. त्या पदव्या नियमित पदवीच्या बरोबरीच्या आहेत, हे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केलंय. तुला इतिहास किंवा मराठी घ्यायचं असतं, तर मीही म्हटलं असतं, बिनधास्त कर. पण मानसशास्त्राचं वेगळं झालंय. २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांच्या कायद्यात ज्या विषयांचा समावेश आहे, ते दूरस्थ किंवा ऑनलाइन शिकवू नयेत असा आदेश आयोगाने काढला. २०२५ च्या जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून तो लागू झाला आणि त्या यादीत मानसशास्त्र आहे. म्हणजे घरबसल्या बीए होईल, पण त्यात तुझा विषय नसेल. नणंदेला एवढंच सांग. “मला मुक्त नको” असं म्हटलंस तर वाद होईल, “माझा विषय तिथं आता मिळत नाही” म्हटलंस तर बोलणं तिथंच संपेल. शिवाय ते खरंही आहे.

घराजवळचं कॉलेज चांगलं असेलही. पायी जाता येईल, दुपारी घरी येऊन कुकर लावता येईल. पण तिथं तू तीन वर्षं शेजारच्या खोलीतला विषय शिकशील, आणि त्रेचाळिसाव्या वर्षी एवढी धडपड त्यासाठी करू नये. महिलांचंच कॉलेज बरं वाटत असेल तर शंकरनगरच्या एलएडीला एक चक्कर मार, मेट्रोचं स्टेशनच एलएडी चौकात आहे.

आता मॉरिस. १८८५ चं कॉलेज, त्याची आताची पाटी ‘वसंतराव नाईक शासकीय कला व समाजविज्ञान संस्था’ अशी आहे, पण ऑटोवाल्याला मॉरिसच सांगावं लागतं. मानसशास्त्र तिथं आहे आणि शासकीय असल्यामुळे फी तुझ्या शिलाईच्या पैशातून झेपेल. मानेवाड्याहून रिंग रोडने छत्रपती चौक, तिथून मेट्रोने सीताबर्डी किंवा झिरो माइल. एप्रिलच्या उन्हात दुपट्टा बांधून टी-पॉइंटच्या सिग्नलवर अॅक्टिव्हा घेऊन उभं राहण्यापेक्षा हे बरं. माझा कल मॉरिसकडे आहे. पण तू लहानपणी बाहेरून बघितलेल्या कॉलेजच्या ओढीवर जाऊ नकोस. आत जाऊन बघ.

बघायला जायचं ते कॉलेज चालू असताना, साध्या कामाच्या दिवशी. मे महिन्यात गेलीस तर रिकाम्या खोल्या आणि एक कंटाळलेला बाबू भेटेल. मानसशास्त्र विभाग कुठे आहे ते विचार आणि सरळ तिथं जा. मी बरीच वर्षं कॉलेजांमधून समुपदेशनाचं काम केलं आहे. कॉलेज कसं आहे हे माहितीपत्रकावरून कळत नाही, विभागात अर्धा तास बसलं की कळतं. पूर्णवेळ प्राध्यापक किती आणि तासिका तत्त्वावर, म्हणजे तासाच्या मानधनावर, किती, हे पहिलं विचार. आपल्याकडे बऱ्याच कॉलेजांत पदं रिकामी पडलेली असतात. तासिकेवरचे शिक्षक अनेकदा जीव तोडून शिकवतात, पण पुढच्या वर्षी ते असतीलच याची खात्री त्यांनाही नसते. तुझ्यासारख्या विद्यार्थिनीला तर तीन वर्षं कुणीतरी ओळखणारं हवं. मग माध्यम विचार. तू मराठीत शिकलीस, तर तास मराठीत होतात का, पेपर मराठीत लिहिता येतो का, संदर्भाची पुस्तकं ग्रंथालयात मराठीत आहेत का. विषयांचे गटही नीट समजून घे, कारण मानसशास्त्राबरोबर दुसरे कोणते विषय घेता येतात ते कॉलेजागणिक बदलतं. खाजगी कॉलेजही यादीत ठेवलंस, तर हा विषय अनुदानित आहे की विनाअनुदानित हे विचारल्याशिवाय उठू नकोस. एकाच इमारतीत दोन्ही प्रकार असतात आणि फीमध्ये मोठा फरक पडतो.

आणि प्रयोगशाळा बघ. मानसशास्त्रालाही प्रॅक्टिकल असतं, हे तुझ्या नणंदेला कुणी सांगितलं नसेल. एक जुना प्रयोग अजूनही मुलांकडून करून घेतात. कागदावर दुहेरी रेषेतला तारा छापलेला असतो, हात पडद्याआड, आणि समोरच्या आरशात बघत त्या दोन रेषांच्या मधून पेन्सिल फिरवायची. हात उलटाच जातो. कोपऱ्यावर पेन्सिल अडते, पुढे जायला तयारच होत नाही, आणि शेजारचा विद्यार्थी स्टॉपवॉच धरून चुका मोजत असतो. चौथ्या-पाचव्या खेपेला चुका कमी होतात, वेळ कमी होतो, आणि माणूस शिकतो कसा ते आपल्याच हातावर दिसतं. मग दोघांनी जागा बदलायच्या. हे एकट्याने घरी होत नाही. तुझ्याकडे येणाऱ्या बायांचं ऐकायला शिकणंही असंच आहे, समोर दुसरं माणूस लागतंच.

शेजारी बसणारी मुलगी अठरा वर्षांची असेल, ही तुझी लाजेची गोष्ट. खरं सांगू? पहिले आठ-दहा दिवस अवघड जातील. कुणी काकू म्हणेल, कुणी तुला मॅडम समजून उभं राहील. मग एक दिवस कुणाला तरी तुझ्या वहीतल्या नोट्स हव्या असतील, कारण तू रोज येतेस आणि नीट लिहितेस. मोठ्या वयाच्या विद्यार्थिनींच्या बाबतीत मी हे कितीदा पाहिलंय. एक जपायचं: त्या मुलींची आई होऊ नकोस. डबा नेलास तर वाटून खा, पण कुणी उशिरा आलं, कुणी कुणासोबत फिरतंय, यात पडू नकोस. तू तिथं विद्यार्थिनी आहेस.

समुपदेशक व्हायचं म्हणतेस, तर पुढचा रस्ता लांब आहे, तोही आताच ऐकून ठेव. नुसत्या बीएवर हे काम करता येत नाही. निदान एमए हवं, आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायचं तर त्याचं वेगळं शिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. तीन आणि दोन, पाच वर्षं. तू अठ्ठेचाळिशीत असशील. या कामात ते वय आड येत नाही, उलट लोक जरा लवकर मोकळे होतात. पण वर्षाभरात पाटी लावता येईल अशा जाहिराती दिसल्या, तर त्यांच्या मागे पैसे घालू नकोस.

मधेच काही अडलं तर? सासूबाईंचं आजारपण, मुलीचं लग्न, काहीही. नव्या शैक्षणिक धोरणात याची सोय आहे. ठरलेले क्रेडिट, म्हणजे विषय पास झाल्यावर मिळणारे श्रेयांक, पूर्ण करून पहिल्या वर्षानंतर थांबलीस तर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर डिप्लोमा, तिसऱ्यानंतर पदवी. तीन वर्षांच्या आत परत येता येतं, आणि सगळं मिळून सात वर्षांत पूर्ण करायचं. २००० साली फॉर्म भरून राहिला तो राहिलाच. आता केलेलं वर्ष वाया जात नाही.

मला खरी काळजी तुझ्या शिलाई मशीनची आहे. आपल्या विद्यापीठाच्या हिवाळी परीक्षा नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास आणि उन्हाळी एप्रिल-मेमध्ये. म्हणजे तुळशीचं लग्न झालं की इकडे ब्लाउजची रांग लागते आणि तिकडे पेपर. उन्हाळ्यातही तेच, ऐन लग्नसराई. दोन्ही एकदम होणार नाही, रात्री जागून तर नाहीच. पहिल्या वर्षी परीक्षेच्या महिन्यात नव्या ऑर्डर घ्यायच्या नाहीत, हे गिऱ्हाइकांना आधीच सांगून ठेव, आणि तेवढं उत्पन्न कमी धरूनच फीचा हिशेब कर. फॉल-पिको एखाद्या शिकाऊ मुलीला देता आलं तर दे. हजेरी ७५ टक्के लागते, तेव्हा वर्ग सकाळी की दुपारी, हे वेळापत्रक बघूनच शिलाईची वेळ ठरव.

मुलाची बारावी आणि तुझं पहिलं वर्ष एकत्र येईल. “त्याचं होऊ दे, मग बघू” असं कुणीतरी म्हणेलच, कदाचित तूच म्हणशील. त्याची बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये आटोपते, तुझी त्यानंतर असते. त्याला तू दिवसभर घरात हवी आहेस असं त्याने म्हटलंय का? तुझ्या पत्रात तरी नाही. त्याला विचार. सतरा वर्षांचा आहे, नीट उत्तर देईल.

यजमानांच्या “तुझी मर्जी”ला मी नकार समजत नाही आणि होकारही समजत नाही. शिफ्ट करून आलेल्या माणसापुढे “मी शिकू का?” असा प्रश्न ठेवला की तो टीव्हीच लावणार, कारण त्यात त्याने करायचं काय ते कळत नाही. त्यांच्या सुट्टीच्या दिवशी वेळापत्रक घेऊन बस. अमुक दिवशी मी साडेअकराला परत येईन, तेव्हा आईंचा चहा आणि गोळ्या कोण देईल? तुमची नाइट असेल त्या आठवड्यात डब्याचं कसं करायचं? अशा प्रश्नांना मर्जी चालत नाही, उत्तर द्यावं लागतं. दोन आठवडे हा क्रम घरी आधीच चालवून बघा. सासूबाईंना उत्तर देऊ नकोस. तुझं पहिलं सेम झालं की त्यांची भाषा बदलेल किंवा बदलणार नाही, तुझं शिक्षण त्यावर अडायला नको.

आता कागद. बारावीची मूळ गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला आजच शोध. हरवलं असेल तर गुणपत्रिकेची दुसरी प्रत नागपूर विभागीय मंडळातून मिळते, पण वेळ लागतो. मधल्या वर्षांसाठी गॅपचं प्रतिज्ञापत्र करावं लागेल. आणि बायकांची नेहमीची अडचण: गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. हे क्रेडिट जिथं ऑनलाइन जमा होतात त्या क्रेडिटच्या बँकेतलं खातं आधारवरून उघडतं, तिथं हा फरक आडवा येतो. विवाह नोंदणीचा दाखला जवळ ठेव, आणि पदवीवर कोणतं नाव हवं ते ठरवून प्रवेश विभागात विचार. सासरचं हवं असेल तर राजपत्रात नाव बदलून घ्यावं लागेल, त्यालाही वेळ जातो, म्हणून निकालाच्या गर्दीआधी सुरू कर. मॉरिसला गुणवत्ता यादीने प्रवेश होतो, तेव्हा एकाच कॉलेजवर थांबू नकोस. मानसशास्त्र असलेल्या आणखी एक-दोन ठिकाणी अर्ज भर, आणि प्रत्येक अर्ज सादर करण्याआधी विषयांच्या गटात मानसशास्त्र आहे ना, ते स्वतःच्या डोळ्यांनी तपास. काउंटरवरचा माणूस घाईत दुसराच गट भरून टाकतो आणि मग वर्षभर ते निस्तरत बसावं लागतं.