सुडोकूने डोकं शांत होतं का? होतं, पण आधी ती स्ट्रीक बंद करा

तुमची पोस्ट दोनदा वाचली. रात्री पडल्या पडल्या डोक्यात तेच ते विचार फिरतात म्हणून मोबाईलवर सुडोकू सुरू केलं, पहिले काही दिवस बरं वाटलं, आणि आता ६१ दिवसांची स्ट्रीक (एकही दिवस न चुकता खेळल्याचा ॲपवरचा आकडा) तुटली तर रडू आलं, 'एवढं साधंही मला जमत नाही' असं लिहिलंय तुम्ही. वाचून पोटात कालवलं हो. तीन वर्षांपूर्वी मी माझ्या वहीत जवळपास हेच वाक्य लिहिलं होतं.

मी डॉक्टर नाही, समुपदेशक नाही, फक्त यातून गेलेली बाई आहे, तेवढंच धरून वाचा.

तेव्हा मला झोप लागायची नाही, छातीत धडधडायचं. जिथे नोकरी करत होते तिथल्या कर्मचाऱ्यांना मदत करणाऱ्या विभागाला शेवटी हिंमत करून फोन केला, तर पाच मिनिटं ऐकून घेतलं आणि एका पझल ॲपची लिंक पाठवली. झालं, विषय संपला. झोप किती तास होते, खाणंपिणं नीट आहे का, कुणाला दाखवलंय का, एक प्रश्न नाही. अजूनही आठवलं की संताप येतो, कारण फोन करायलाच मला दोन महिने लागले होते.

पण खरी चूक माझी पुढची. ॲपवरचा आकडा वाढतोय म्हणजे मी बरी होतेय असं मी धरून चालले. रात्री पावणेबाराला आठवायचं की आजचं राहिलंय, की उठून अंधारात मोबाईल, वर टायमर पळतोय, काल ९ मिनिटं लागली होती आज १४ का लागली, मग आणखी एक, मग दीड वाजलेला. सात महिने असं चाललं. शेवटी डॉक्टरांकडे गेले, त्यांनी विचारलं झोप कशी आहे, आणि माझ्या तोंडून पहिलं काय निघालं असेल तर 'पण माझी २१४ दिवसांची स्ट्रीक आहे'. त्या काहीच बोलल्या नाहीत, पेन खाली ठेवलं फक्त. मग ॲन्झायटीची रीतसर ट्रीटमेंट सुरू झाली. ते सात महिने आधी झालं असतं तर किती बरं झालं असतं.

म्हणजे कोडी वाईट का? अजिबात नाही, मी आजही रोज सोडवते. काळजी करायलाही डोक्यात जागा लागते, आणि एका वेळी मनात धरून ठेवता येईल अशी जागा आपल्याकडे थोडीच असते. या घरात ४ की ७, ७ असेल तर खालच्या ओळीत काय, हे धरून ठेवलं की तेवढा वेळ काळजीला बसायला जागा उरत नाही. शिवाय नीट बनवलेल्या सुडोकूला उत्तर असतंच आणि ते एकच असतं (निदान १७ आकडे दिल्याशिवाय ते एकच राहू शकत नाही, हे २०१२ मध्ये कॉम्प्युटरवर सगळं तपासून दाखवलंय). आपल्या बाकीच्या प्रश्नांचं असं नसतं, म्हणून ते शेवटचं घर भरताना इतकं बरं वाटतं.

हा फायदा त्या वीस-पंचवीस मिनिटांचा. टायमर लावला की तीच परीक्षा होते. बुद्धी वाढते, स्मृतिभ्रंश टळतो वगैरे जाहिरातींवर जाऊ नका. जर्मनीतल्या उल्म इथे पन्नाशीपुढच्या लोकांना ३० दिवस रोज निदान तासभर जिगसॉ (तुकडे जुळवून चित्र पुरं करायचं कोडं) करायला लावलं होतं, २०१८ मध्ये ते प्रसिद्ध झालं, तेवढ्यात बुद्धीत म्हणावा असा फरक दिसला नाही. वर्षानुवर्षं करणाऱ्यांचं वेगळं असू शकेल. पण मन हलकं व्हायला बुद्धी वाढायची गरजच काय?

माझं मत विचाराल (सगळ्यांना पटणार नाही) तर मोबाईलवर नकोच. कागद, पेन्सिल, खोडरबर. आणि झोपायच्या तासभर आधी बंद. अर्धवट राहिलेलं काम डोक्यातून जात नाही, हे ब्लूमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२७ मध्येच मांडलंय, अडकलेलं सुडोकू घेऊन अंथरुणात गेलात तर तेच फिरत बसणार.

हात रिकामे असले की जास्त घाबरायला होत असेल तर जिगसॉ बघा. मी ५०० तुकड्यांचा घेते, १००० चा सुरुवातीला नको, पसारा बघूनच दडपण येतं. आकाशाचे तुकडे सगळे एकाच निळ्याचे, रंगावरून काही कळत नाही, मग नुसता आकार बघायचा, दोन कान दोन खाचा एकीकडे, तीन कान दुसरीकडे, आणि बोटाने फिरवून फिरवून लावून बघायचं. बसला की बारीक टक् होतं. त्या वेळात माझा श्वास आपोआप संथ झालेला असतो, हे मला नंतर लक्षात येतं.

धडधड, झोप उडणं दोन-तीन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर मात्र आधी डॉक्टर, कोडी सोबतीला. आणि कधी जगणंच नकोसं वाटलं तर एक रात्रसुद्धा थांबू नका, जवळच्या माणसाला उठवा.

एक बारकी गोष्ट राहिली. जिगसॉ खाली प्लायचा तुकडा ठेवून करा, म्हणजे उचलून बाजूला ठेवता येतो. मी रात्री थांबताना नक्की बसणारा एक तुकडा मुद्दाम काढून कडेला ठेवते आणि सकाळी उठल्यावर तो लावते.