उधारीच्या वहीतला खाऊ

प्रश्न :

ताई, नमस्कार. आम्ही इचलकरंजीत राहतो. मालक यंत्रमागावर आहेत, बारा तासांची पाळी. मी घरीच शिलाई करते, ब्लाउज आणि फॉल-पिको. सासरे सूतगिरणीतून रिटायर झालेत, त्यांना आम्ही आप्पा म्हणतो. मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी चार वर्षांची.

मुलाला त्या कुरकुरीत पाकिटांचं आणि नूडल्सचं व्यसन लागलंय. दुसरा शब्द मला सुचत नाही. सव्वापाचला शाळेतून आला की दप्तर टाकून थेट कोपऱ्यावरच्या दुकानात. भाकरीला हात लावत नाही, भाजी दिसली की ताट सरकवतो, शाळेचा डबा तसाच परत येतो. वजन 21 किलो. तीन-चार दिवस संडासला जात नाही आणि गेला की आतून रडण्याचा आवाज येतो. शाळेच्या फाटकासमोरही टपरी आहेच.

गेल्या महिन्यात दुकानदाराने आप्पांच्या नावाची उधारीची वही दाखवली. 1,140 रुपये! मी बोलले तर आप्पा म्हणाले, "माझ्या पेन्शनीतलं खातोय, तुझ्या बापाचं नाही." त्यात माझ्या शिलाईच्या डब्यातली पन्नासची नोट गेली. मालकांनी पोराला पट्ट्यानं मारलं. आप्पा मध्ये पडले, नको ते बोलणं झालं. तेव्हापासून मालक आणि आप्पा एकमेकांशी बोलत नाहीत, आप्पा ताट घेऊन बाहेर कट्ट्यावर जेवतात. (रात्री मशीनवर भूक लागली तर त्यातलं एखादं पाकीट मीही खाते, ते वेगळं.) आता धाकटीही आप्पांचं बोट धरून दुकानाकडे ओढते. घरात पाकिटं एकदम बंद केली तर हे सुटेल का? की डॉक्टरकडे न्यावं?

– एक आई, इचलकरंजी

उत्तर :

ताई, तुमचं पत्र वाचून मी आधी कॅल्क्युलेटर काढला. वही महिन्याभराची धरली तर 1,140 भागिले 30, म्हणजे रोजचे 38 रुपये. पाच रुपयांचं पाकीट धरलं तर रोज सात-आठ पाकिटं. 21 किलोचं पोर सात-आठ पाकिटं एकटं खात नाही. काही मित्रांना वाटली जात असतील, काही धाकटीच्या पोटात जात असतील, आप्पांच्या चहाची बिस्किटंही त्याच वहीत असतील. आणि एखादं तुम्ही कंसात लिहिलंय ते. म्हणजे वहीवर नाव आप्पांचं, बोल पोराला, पण खातं सगळ्या घराचं आहे. तुम्हाला लाजवायला हे सांगत नाही. रात्री अकराला मशीनवर बसलेल्या बाईला भूक लागते तेव्हा तिला भाकरी थापायला कोण सांगणार?

तुम्ही विचारलेल्या दोन प्रश्नांपैकी दुसऱ्याचं उत्तर आधी देते. होय, डॉक्टरकडे न्या, याच आठवड्यात. पाकिटांसाठी नव्हे, संडाससाठी. तीन-चार दिवस शौच अडलं की ते कडक होतं. मग दुखतं, म्हणून पोर आवळून धरतं, आणि ते आणखी कडक होतं. असं महिनोन्‌महिने चाललं की मलाशय ताणलं जातं आणि 'आली' ही जाणीवच बोथट होते. अशा पोटाला भाकरीची भूक लागत नाही. तोंडात टाकताच विरघळणारं, चटकदार काहीतरी तेवढं जातं. म्हणजे भाजी-भाकरी नको म्हणण्यात थोडे नखरे असतील, पण थोडं खरंच पोट भरलेलं असतं. डॉक्टर शौच मऊ करणारं औषध देतील, ते कधीकधी काही महिने चालू ठेवावं लागतं. पहिल्या आठवड्यात मोकळं झालं म्हणून आया औषध बंद करतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते, तेवढं टाळा. एरंडेल किंवा कुणी सांगितलेला जुलाब मनाने देऊ नका. रात्री जेवण झाल्यावर दहा मिनिटं त्याला शांतपणे बसवा, जेवणानंतर आतडं आपोआप हालचाल करतं. शाळेतल्या संडासात तो जातो का, हेही विचारा. घाण किंवा बिनकडीचा दरवाजा असला तर मुलं दिवसभर धरून ठेवतात आणि घरी सांगत नाहीत. हिमोग्लोबिनही तपासून घ्या. असल्या खाण्याने मुलं लठ्ठच होतात असं नाही. नऊ वर्षांचा, 21 किलोचा मुलगा मला कमीच्या बाजूला वाटतो.

आता व्यसन. तुमचा शब्द मी खोडत नाही, पण वैद्यकाच्या अधिकृत निदानांत 'जंक फूडचं व्यसन' असा आजार अजून नाही. हे पदार्थ हात थांबू देत नाहीत, हे मात्र खरं. 2019 साली अमेरिकेत केव्हिन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 20 मोठ्या माणसांना चार आठवडे एका जागी ठेवलं. दोन आठवडे कारखान्यातलं अतिप्रक्रिया केलेलं अन्न, दोन आठवडे साधं शिजवलेलं. समोर मांडलेल्या दोन्ही जेवणांत साखर, मीठ, चरबी सारखीच, खायचं मनाला येईल तेवढं. कारखान्यातल्या अन्नावर माणसं रोज सुमारे 500 कॅलरी जास्त खाऊन गेली, म्हणजे चार-पाच चपात्या. ही शहाणीसुरती मोठी माणसं. नऊ वर्षांच्या पोराला "हात आवर" म्हणून पट्टा काढण्यात काय अर्थ आहे?

पट्ट्याबद्दल एवढंच : पैसे उचलले हे चूकच. पन्नास रुपये त्याला फेडू द्या, तुमच्या मशीनखालच्या चिंध्या आणि दोरे रोज गोळा करून, तुम्ही ठरवाल तितके दिवस. पण मार खाऊन तो पाकीट सोडणार नाही, लपवायला शिकेल. मी अनुभवावरून सांगते. माझी मुलगी आठ वर्षांची असताना मी, आहारतज्ज्ञ बाई, घरात वेफर्स पूर्ण बंद केले होते. मोठ्या अभिमानाने लोकांना सांगायचे. शेजारच्या काकूंनी वर्षभराने हसत सांगितलं की माझी लेक रोज संध्याकाळी त्यांच्याकडे 'अभ्यासाला' येते आणि डबा रिकामा करून जाते. त्या दिवसापासून 'एकदम बंद' हा सल्ला मी कुणाला देत नाही. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यात आलं.

त्याऐवजी सव्वापाच वाजता काय होतं ते बघा. दुपारचा डबा परत आलाय, म्हणजे पोरगं सकाळपासून जवळजवळ उपाशी आहे. त्या वेळी दुकान उघडं असतं आणि तुमची चूल बंद, कारण तुम्ही गिऱ्हाइकाचा ब्लाउज संपवत असता. मग दुकानच जिंकणार! पाच वाजता मशीन थांबवा, दहाच मिनिटं. तो दारात आला की ताटली समोर हवी, "हात धू, मग देते" सुद्धा नंतर. सकाळच्या चपातीचा गूळ-तूप घालून लाडू, फोडणीची भाकरी वर शेंगदाण्याच्या कुटासकट, उकडलेलं अंडं, केळं, गूळ-शेंगा. तेल-मिठाला घाबरू नका, त्याची जीभ सध्या चटक्याची आहे, फिक्कं दिलंत तर पहिल्याच दिवशी हराल. नूडल्सच मागितले तर आठवड्यातून एकदा करा, पण अर्धाच मसाला आणि त्यात मटार, कांदा, अंडं. पुड्यामागे सोडियमचा आकडा असतो, त्याला अडीचने गुणलं की मीठ कळतं. 100 ग्रॅमला 1000 मिलिग्रॅम सोडियम असेल तर 70 ग्रॅमच्या पुड्यात पावणेदोन ग्रॅम मीठ झालं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात 5 ग्रॅमच्या आत राहायला सांगते, पोराला त्याहून कमी. हा गुणाकार त्यालाच करायला द्या. चौथीतल्या मुलांना असली भानगड आवडते.

भाजीचं म्हणाल तर ताटात चमचाभर वाढा आणि विसरून जा. "एक घास, माझ्यासाठी" नको. नवी चव पटायला दहा-पंधरा वेळा समोर यावी लागते. एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी आईबाप आणि मूल यांची कामं वाटून दिली आहेत : काय, कधी आणि कुठे ते मोठ्यांनी ठरवायचं, खायचं की नाही आणि किती, ते मुलाने. हे कागदावर सोपं दिसतं. सरकवलेल्या ताटासमोर गप्प बसणं किती कठीण असतं, ते मला माहीत आहे.

आणि आता आप्पा. मला त्यांचा राग येत नाही, तुम्हीही थोडा बाजूला ठेवा. आयुष्यभर गिरणीत पाळी केलेला माणूस, हातात थोडकं पेन्शन, घरात निर्णय लेक-सून घेणार. दिवसातून एकदा कुणीतरी त्यांच्याकडे धावत येतं, तेही पाकिटासाठी. ते पाकीट नुसतं काढून घेतलंत तर त्यांच्याकडे उरतं काय? त्यांना दुसरं काम द्या, तेही मानाचं. जयसिंगपूरचं भडंग तुमच्या शेजारचंच. रविवारी आप्पा आणि नातू मिळून घरी करू द्या : लसूण आप्पांनी ठेचायचा, चुरमुरे नातवाने निवडायचे, कढईशी आप्पाच. डबा त्यांच्या खोलीत, किल्ली त्यांच्याकडे, पाचनंतर वाटीभर नातवंडांना द्यायचं त्यांनीच. (भडंग म्हणजे अमृत नव्हे, तेल-तिखट त्यातही आहे. पण शेंगदाणे आहेत, आणि डबा संपला की रविवारपर्यंत संपला.) रात्री मशीनजवळ तुमच्यासाठीही एक वाटी काढून ठेवा.

वही बंद करा असं तुम्ही आप्पांना सांगू नका, तुमच्या मालकांना सांगायला लावा, आणि तेही आधी कट्ट्यावर त्यांच्याशेजारी ताट घेऊन बसल्यावर. पहिले दोन दिवस नुसतं जेवायचं, विषय काढायचा नाही. तिसऱ्या दिवशी म्हणायचं, "आप्पा, पोराला संडासला त्रास होतोय, डॉक्टरकडे तुम्ही येता का?" डॉक्टरच्या तोंडून ऐकलेलं त्यांना पटेल, सुनेच्या तोंडून नाही. यात अपमान वाटून घेऊ नका. पाकीट आठवड्यातून एकदा, शनिवारी, सगळ्यांनी मिळून एक, रोख पैसे देऊन. आणि बक्षीस म्हणून कधीच नाही, "अभ्यास केलास तर पाकीट" हे तर मुळीच नको.

टपरीचं राहिलं. भारताच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या 2020 च्या नियमांप्रमाणे जास्त चरबी, साखर, मीठ असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून 50 मीटरच्या आत विकता येत नाहीत. पालक सभेत हा विषय काढा. तक्रारीच्या आधी टपरीवाल्याशीही बोला. पेरू, चिंचा, भाजलेल्या शेंगा ठेवल्या तर त्याचाही धंदा बुडणार नाही.

पहिले दहा-बारा दिवस आरडाओरडा होईल, दप्तर फेकलं जाईल, एखादी नोट पुन्हा गायब होईल. शिलाईचा डबा तेवढा उंचावर ठेवा. दोन महिन्यांनी मला पुन्हा लिहा : संडासचं काय झालं, वजन किती, वहीत किती, आणि आप्पा जेवायला आत आले का. भडंगात लसूण किती घालतात तेही लिहा, माझं नेहमी कडवट होतं.