डेंटल इम्प्लांट किती टक्के यशस्वी होतात आणि बसवून घेणारे समाधानी असतात का?

दीर्घकालीन अभ्यासांनुसार शंभरांपैकी साधारण ९५ इम्प्लांट (दाताच्या मुळाच्या जागी जबड्याच्या हाडात बसवलेले टायटॅनियम धातूचे स्क्रू) १० वर्षांनंतरही जागेवर असतात आणि बहुतेक रुग्ण समाधानी असतात, विशेषतः ज्यांची खालची कवळी भाकरी चावताना उचलली जात असे ते. अशांसाठी दोन इम्प्लांटांवर बसणारी कवळी हाच पहिला पर्याय मानावा, अशी शिफारस कॅनडातील मॅकगिल विद्यापीठातील तज्ज्ञ-परिषदेने २००२ मध्येच केली होती. इम्प्लांट टिकण्याचे कारण असे, की जबड्याचे हाड टायटॅनियमच्या पृष्ठभागाशी थेट जुळून येते; स्वीडनमध्ये संशोधक ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाला बसवलेले इम्प्लांट त्याच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे ४० वर्षांहून अधिक काळ टिकले. मात्र ‘टिकणे’ आणि ‘यशस्वी होणे’ एकच नव्हे: भोवतालचे हाड झिजत असेल, हिरडी दाबल्यावर पू येत असेल, तरी न पडलेला इम्प्लांट टिकलेल्यांतच मोजला जातो, त्यामुळे दवाखान्यात ‘९८ टक्के’ असे सांगितले, तर तो आकडा कशाचा आणि किती वर्षांचा, हे अवश्य विचारावे. धूम्रपान, आटोक्यात नसलेला मधुमेह किंवा हिरड्यांचा जुना आजार असल्यास अपयशाची शक्यता वाढते.